पेट्रोलची बाटली आधी घराबाहेर

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो. दहावीतल्या मुलाला गेल्या वर्षी गिअरची सायकल घेतली. शाळा, क्लास आणि रविवारी मित्रांबरोबर हिप्परग्याच्या तलावापर्यंत फेरी, त्यामुळे चेन सारखी काळीकुट्ट होते. मालक, म्हणजे माझे यजमान, स्कूटरमधून पेट्रोल काढतात आणि गॅलरीत बसून चेन, गिअर सगळं धुतात. गॅलरीला लागूनच बाथरूम आहे, त्यात गॅस गीझर आहे. घरात तीन वर्षांची धाकटी आहे. मी काही बोलले की म्हणतात, "आमच्या वडिलांनी जन्मभर रॉकेलनं सायकल धुतली, काय झालं?" रॉकेल आता मिळत नाही म्हणून पेट्रोल. त्यांच्या बोटांना भेगा पडल्यात. मुलानं संत्र्याच्या वासाचं महागडं डिग्रीसर (ग्रीस काढायचं औषध) मागवायचा हट्ट धरलाय, आणि चेनवरचा गंज काढायला बाथरूमचं अ‍ॅसिड चालेल का, असंही विचारतोय. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पाणी कमी लागेल असं सांगा. नेमकं काय वापरावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, काय वापरावं ते सांगतोच, पण त्याआधी आजच्या आज एक काम करा. गॅलरीतली पेट्रोलची बाटली घराबाहेर काढा. पेट्रोल स्वच्छ असेल तर मालकांना ते परत स्कूटरच्या टाकीत ओतू द्या. चेन बुडवून काळं झालेलं असेल तर घट्ट झाकण लावून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन द्या. मोरीत ओतू नका. एवढं झालं की पुढचं वाचा.

एवढी घाई का, तर पेट्रोलची वाफ पेटते, आणि वाफ व्हायला त्याला उन्हाची गरज नसते. उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा ठिणगीनं पेट घेईल एवढी वाफ त्यातून निघत असते. आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतही पारा त्याच्या ५० अंश वरच असतो. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी काम तमाम. त्यात ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. गॅलरी उघडी आहे म्हणून ती वर उडून जाईल असं आपल्याला वाटतं, पण ती खाली बसते, फरशीवरून सांडलेल्या पाण्यासारखी उताराकडे सरकते आणि दाराखालच्या फटीतून आत शिरते. वास थांबला म्हणजे ती गेली असंही धरू नका, थोड्या वेळानं नाक सरावतं. तुमच्या गीझरमध्ये गरम पाण्याचा नळ सोडला की ठिणगी पडते. मालक गॅलरीत चेन घासत बसलेत आणि तेवढ्यात कुणी आत हात धुवायला गेलं, एवढ्यावर सगळं येऊन ठेपतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. विशीत मी एका सायकल दुकानात हाताखाली काम करायचो. मे महिना होता, दिवेलागणीची वेळ. पत्र्याच्या परातीत पेट्रोल घेऊन मी दोन फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या, भिजत टाकली होती आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासत होतो. माझ्यापासून चांगल्या आठ-दहा फुटांवर, मागच्या कोपऱ्यात, शेठनी लक्ष्मीच्या फोटोपुढे दिवा लावायला काडी ओढली. चादर झटकल्यावर होतो तसा आवाज झाला. निळसर ज्योत फरशीवरून माझ्याकडे पळत आली, परातीला शिवली आणि पिवळी होऊन कमरेएवढी उभी राहिली. शेजारच्या चहावाल्यानं ओलं पोतं आणून परातीवर टाकलं म्हणून दुकान वाचलं. कुणी घाबरून बादलीभर पाणी ओतलं असतं तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत बाहेर टांगलेल्या टायरांपर्यंत गेलं असतं. माझ्या डाव्या मनगटावरची कातडी गेली, डाग अजून आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत मी सायकलीच्या कुठल्याही कामाला पेट्रोल हातात घेतलेलं नाही.

पेट्रोलबद्दल आणखी एक सांगून तो विषय संपवतो. त्यात थोडं बेंझिन असतं. बेंझिननं रक्ताचा कर्करोग होतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. ते श्वासातून जातं आणि कातडीतूनही जातं. भेगा पडलेल्या बोटांना तर आडकाठीच उरलेली नसते.

आता मालकांचं म्हणणं. ते खोटं नाही, आणि तुम्हीही त्यांना खोटं ठरवायला जाऊ नका. तुमच्या सासऱ्यांच्या हातात असायची ती काळी चोवीस इंची किंवा बावीस इंची सायकल. सगळी लोखंडाची, एकच जाड चेन, प्लॅस्टिक नावाला नाही. वर्षातून एकदा तिचं ओव्हरऑइलिंग व्हायचं. म्हणजे काय, तर चाकं काढायची, हब उघडायचे, छर्रे बाहेर काढून रॉकेलमध्ये धुवायचे, कोन पुसायचे, पेडलचा एक्सल काढायचा आणि सगळं कोरडं करून नवं ग्रीस भरून परत बसवायचं. अंगणात, झाडाखाली, सकाळच्या वेळी. रॉकेल जुनं ग्रीस काढून टाकायचं आणि त्याच बैठकीत नवं ग्रीस आत जायचं. ही पद्धत बरोबरच होती. मी स्वतः याच पद्धतीनं शिकलो.

मुलाची सायकल मात्र कुणी उघडत नाही. ती उभी ठेवून वरून पेट्रोल ओततात. इथे घोळ होतो. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांच्या आत फ्रीव्हीलचं मशीन असतं. पेडल थांबवलं की टिकटिक वाजतात ती आतली छोटी कुत्री, त्यांच्या बारीक स्प्रिंगा आणि मोहरीपेक्षा जरा मोठे छर्रे, हे सगळं पातळशा ग्रीसवर चालतं. वरून ओतलेलं पेट्रोल किंवा रॉकेल फटीतून आत जातं, ते ग्रीस विरघळवतं आणि बाहेर घेऊन येतं. बाहेरून चकत्या चकचकीत दिसतात आणि आतलं मशीन कोरडं ठणठणीत पडतं. मुलाला विचारा, धुतल्यानंतर टिकटिक मोठी झाली का? झाली असेल तर सासऱ्यांच्या पद्धतीतला अर्धाच भाग घरात चाललाय. धुणं राहिलं, ग्रीस भरणं गेलं.

रॉकेलचंही एक सांगतो, कारण कुठून तरी बाटलीभर मिळालं की मालक परत तिकडे वळतील. रेशनवरचं निळं रॉकेल आता दिसेनासं झालं, पण खुल्या बाजारात मिळतं. रॉकेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ बरं, यात शंका नाही. साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे गेलं की मग त्यातून पेट घेण्याजोगी वाफ निघू लागते. थंड हवेच्या गावातल्या माणसानं हा आकडा वाचून निर्धास्त व्हावं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४२-४३ला टेकतो आणि उन्हात तापलेली गॅलरीची फरशी त्याहून गरम असते. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारचं रॉकेल हे पेट्रोलाचा धाकटा भाऊच. डिझेलचीही तीच गत, वर त्याचा ओशटपणा आणि वास चार दिवस जात नाही.

मग काय वापरायचं? तुमच्या ओट्यावर आहे ते. भांडी घासायचं लिक्विड.

हे वाचून मुलाचा चेहरा पडेल, मला ठाऊक आहे. पण चेनवरचा काळा चिकटा म्हणजे शेवटी तेल आणि धूळ. तुपाची कढई जशी निघते तशीच चेन निघते. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि पाणी ओतलं की तेल त्याच्याबरोबर वाहून जातं. पेट घेण्याचा प्रश्न नाही, रबर फुगत नाही, रंगाला धक्का नाही, अ‍ॅल्युमिनियम काळं पडत नाही. गिअर बनवणारी शिमानो कंपनीसुद्धा चेन सौम्य, म्हणजे न्यूट्रल डिटर्जंटनं धुवायला सांगते आणि आम्लाची किंवा अल्कलीची औषधं लावू नका, चेन तुटू शकते, असं सूचनापत्रकात बजावते.

फक्त लिक्विडच्या जागी कपडे धुवायची पावडर किंवा धुण्याचा सोडा घेऊ नका. ते अल्कलीचे. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर सोड्यानं घासल्यावर कसा काळवंडतो ते तुम्ही पाहिलं असेल. मुलाच्या सायकलीचे रिम, क्रँक (पेडलचे दांडे), हँडल बहुतेक त्याच धातूचे आहेत. मोरी तुंबल्यावर टाकतात त्या कॉस्टिकच्या पुड्या तर सायकलीच्या आसपासही नकोत. त्या अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खातात.

आता करायचं कसं. पाण्याची काळजी करू नका, अर्धी बादली पुरते, नीट केलं तर त्यातलंही उरतं. सायकल भिंतीला टेकवून उभी करा, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. पहिली पायरी कोरडी आहे, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. ओलं काहीही लावायच्या आधी दात घासायच्या जुन्या ब्रशनं चेनवरची, चकत्यांमधली आणि डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या भागाच्या, दोन छोट्या चाकांवरची धूळ झाडायची. त्या चाकांवर काळ्या चिकट्याची खपली साठते, ती आईस्क्रीमच्या काडीनं किंवा जुन्या चमच्याच्या दांड्यानं खरवडली की पापडीसारखी निघून येते. निम्मी घाण इथेच गेली, पाण्याचा थेंब न लावता.

मग चमचाभर लिक्विड तसंच, पाणी न घालता, ब्रशवर घ्यायचं. एका हातानं पेडल उलटं फिरवायचं, दुसऱ्या हातानं ब्रश चेनवर धरायचा. वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी, प्रत्येक बाजूला वीसेक फेरे. पाच मिनिटांत फेस आधी राखाडी आणि मग शाईसारखा काळा होतो. तिथे थांबायचं, तीन-चार मिनिटं मुरू द्यायचं. मग तांब्यानं बारीक धार सोडून धुवायचं. धार वरून चेनवर सोडायची, चाकाच्या मध्यावर किंवा पेडलच्या एक्सलवर नाही. सायकल वर्षभर पेट्रोलवर राहिलेली आहे, तेव्हा पहिल्या वेळी हे दोनदा करावं लागेल. दुसऱ्या धुण्याला पाणी करडं आलं की झालं. आरशासारखी चेन हवी हा हट्ट सोडून द्यायला मुलाला सांगा. आतल्या रोलरमधली, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या फिरत्या नळ्यांमधली, रेती गेली पाहिजे, बाहेर थोडा राप राहिला तर त्यानं काहीही बिघडत नाही.

लिक्विड चेनवर वाळू मात्र देऊ नका. बऱ्याच लिक्विडमध्ये दाटपणासाठी मीठ घातलेलं असतं, ते राहिलं तर गंज चढतो.

पुसायला टॉवेल घेऊ नका. आपल्या गावचा टर्किश टॉवेल अंग पुसायला एक नंबर, पण त्याचे फासे चेनच्या कड्यांत अडकतात आणि दोरे रोलरभोवती गुंडाळून बसतात. मालकांचा जुना बनियन सगळ्यात उत्तम. दुरुस्तीवाले हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर बनियन वेस्ट आणतात ते उगाच नाही. विणीचं कापड दोरे सोडत नाही. बनियननं चेन चिमटीत धरायची आणि पेडल उलटं फिरवत ओढून पुसायची. नंतर अर्धा तास मोकळ्या हवेत ठेवली की कोरडी.

आता तेल. हे त्याच दिवशी, पहिल्या फेरीच्या आधी घालायचंच. धुतलेली चेन तशीच चालवणं हे न धुण्यापेक्षा वाईट आहे. ओलावा असेल तर एका रात्रीत तांबूस होते, आणि तुमच्या मुलाच्या चेनवर गंज आला तो बहुधा असाच आला. प्रत्येक रोलरवर एक थेंब, एवढंच. शंभराच्या वर कड्या असतात, दहा मिनिटं लागतात, त्याला करू द्या. सगळी झाली की पेडल पाच मिनिटं फिरवायचं, दोन-तीन तास तसंच ठेवायचं आणि मग बाहेरून दिसणारं सगळं तेल कोरड्या फडक्यानं पुसून टाकायचं. हो, पुसूनच टाकायचं. कामाचं तेल रोलरच्या आत असतं. बाहेरचं तेल फक्त आपल्या काळ्या मातीची धूळ धरून ठेवतं, आणि मग सहाणेवर चंदन उगाळावं तशी चेन आणि दाते एकमेकांना उगाळत राहतात. पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर आपल्याकडे वर्षभर धूळच. म्हणून तेल घेताना ड्राय ल्यूब मागा, ते कोरडं बसतं आणि धूळ कमी ओढतं. ते मिळेपर्यंत शिलाई मशीनचं तेल चालेल, पण आठवड्यानं परत घालावं लागेल. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं. शेंगतेल नको, त्याचा महिन्याभरात राळेसारखा चिकटा होतो. गाडीचं काढलेलं जुनं काळं ऑइल तर मुळीच नको, त्यात इंजिनचा सगळा मळ असतो.

संत्र्याच्या बाटलीबद्दल. मुलगा अगदी चुकीचं सांगत नाही. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन ग्रीस खरोखर सुंदर काढतं. पण संत्र्याचं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत काढून टाका. निव्वळ लिमोनिन ४८ अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगं होतं, रबर फुगवतं, काही प्लॅस्टिक मऊ करतं, आणि बाटली उघडी राहून जुनं झालं की त्यानं कातडीला अ‍ॅलर्जी येऊ शकते. भेगा पडलेल्या हातांना तर हमखास झोंबेल. घ्यायचंच असेल तर बाटलीची मागची बाजू वाचून घ्या. लाल चौकटीत ज्वाळेचं चित्र असेल तर ते घरात नको. हातावर आणि धातूवर थेंब पडून तो खाल्ला जातोय असं चित्र असेल तर सायकलीला नको. पाण्यात मिसळणारं, सायकलीसाठीच म्हणून विकलेलं आणि न्यूट्रलच्या जवळपास, म्हणजे पीएच ७ ते ९च्या दरम्यानचं असेल तर खुशाल आणा. दोन-तीन महिन्यांतून एकदा, चकत्यांच्या खोल चिकट्याला ते लिक्विडपेक्षा लवकर काम करतं. दर आठवड्याला त्याची गरज नाही, आणि परवडणारही नाही. ब्रशवर घेऊन लावायचं, फ्रीव्हीलवर ओतायचं नाही, हा नियम त्यालाही लागू. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० घरात असेल तर त्यानंही चिकटा सुटतो, पण ते फडक्यावर मारून पुसायचं, आणि तेही ज्वलनशील आहे हे विसरायचं नाही. त्याला चेनचं तेल समजून तेवढ्यावर सायकल चालवू नका. ते उडून जातं आणि चेन कोरडी राहते.

बाथरूमच्या अ‍ॅसिडला माझं उत्तर एका शब्दात, नाही. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. गंज जातो हे खरं, पण चेनच्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. वरून नवी दिसणारी चेन मग भर चौकात, उभं राहून पेडल मारताना तुटते. शिवाय ते अ‍ॅसिड ब्लीचिंगच्या पाण्याशी चुकून मिसळलं तर विषारी क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. वरवरचा तांबूस गंज तेलाच्या फडक्यानं घासून जातो. कड्या अडकत असतील, चेन वाकवली की तशीच वाकडी राहत असेल, तर ती औषधानं सुधारत नाही, बदलावी लागते.

सायकलीला डिस्क ब्रेक आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर चेनचं फडकं, तेल, डिग्रीसर, काहीही त्या पातळ चकतीला लागता कामा नये. चेनवर काम करताना चकतीला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. लागलंच तर औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून स्वच्छ कपड्यानं पुसा, तेही गीझरपासून लांब, कारण तेही पेटतं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरिन असतं, ते चकतीवर राहतं आणि ब्रेक धरत नाही. साधे रबरी ब्रेक असतील तर रिमवर तेल गेलं नाही ना, एवढं पाहा.

मालकांच्या बोटांकडे येतो. पेट्रोल आणि रॉकेल कातडीतलं स्वतःचं तेल काढून घेतं, म्हणून ती कोरडी पडून फुटते. दुकानात आम्ही सगळे काळे हात पेट्रोलनंच धुवायचो आणि थंडीत बोटांतून रक्त यायचं. त्यापेक्षा सोपं आहे. आधी हातावर चमचाभर शेंगतेल घ्या, त्यात चमचाभर साखर टाकून दोन मिनिटं चोळा. ग्रीस तेलात सुटतं, साखर ते ओढून काढते. मग साबणानं धुवा आणि रात्री खोबरेल लावा. पुढच्या वेळी नायट्राइलचे हातमोजे वापरायला सांगा, निळे किंवा काळे मिळतात. डॉक्टरांचे ते पांढरे रबरी लॅटेक्सचे नकोत, तेलकट द्रवात ते फुगून फाटतात. पंधरा दिवसांत भेगा भरल्या नाहीत किंवा खाज-पुरळ असेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि धाकटी. पत्र वाचताना माझा जीव सगळ्यात जास्त तिच्यात अडकला. पेट्रोल, रॉकेल, थिनर, डिग्रीसर, कशाचीही बाटली कोल्ड्रिंकची नको. मुलं रंग आणि आकार ओळखतात, वास नंतर येतो. मूळ बाटलीत, मूळ लेबलासकट, तिचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या जागी ठेवा. आणि देव न करो, कधी असं काही तिच्या पोटात गेलंच, तर तिला उलटी करवू नका. मिठाचं पाणी नाही, दूध नाही, घशात बोट नाही. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा उलटी होताना फुप्फुसात शिरलेलं रॉकेल जास्त घात करतं. कपड्यांवर सांडलं असेल तर ते काढा, अंग साबणानं धुवा आणि तिला थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ला फोन करा. बाटली बरोबर घ्या, डॉक्टरांना ती लागते. ती हसतखेळत दिसली तरी न्या.

चेन धुतलेलं काळं पाणी गॅलरीतल्या तुळशीला किंवा खालच्या झाडांना घालू नका. पहिलं, सगळ्यात काळं पाणी जुन्या डब्यात धरा आणि रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसतो, वर तवंग येतो. मधलं पाणी मोरीत सोडा. गाळ आणि तवंग वर्तमानपत्रात टिपून, वाळवून कचऱ्याच्या गाडीत द्या. महिन्याकाठी मूठभरसुद्धा होणार नाही.

आणि हे सगळं आठवड्याला करायचं नाहीये. हिप्परग्याहून आल्यावर कोरड्या बनियननं चेन दोन मिनिटं पुसून ठेवली की लिक्विडचं धुणं महिन्यातून एकदा पुरतं. पावसात चिखल लागला तर मात्र त्याच दिवशी.

आज रात्री मुलाला एक काम द्या. पट्टी घेऊन चेनच्या एका पिनवर शून्य ठेवायला सांगा आणि तिथून पुढे २४ पिना मोजायला सांगा. नवी चेन तिथे बरोबर १२ इंच भरते. इंचाच्या सोळाव्या भागानं, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरनं जास्त भरली, तर चेन ताणली गेलीय. तिला कितीही धुतलं तरी ती चकत्यांचे दाते खात राहणार, आधी ती बदला. माप किती आलं ते मला कळवा, सोबत मागे किती चकत्या आहेत तेही लिहा. कुठली चेन घ्यायची ते पुढच्या वेळी सांगतो.